तुझ्या वितीचा फास

स्टोनी नॅरोज, उत्तर सस्कॅचवान
रविवार, ९ ऑक्टोबर १९८३

प्रिय क्लेमांसताई,

देवाच्या कृपेने घरी सगळे बरे आहेत. तुझी शहरातली तब्येतही तो सांभाळो. अक्षर वाकडंतिकडं दिसेल. गारठ्यात लिहितोय असं समज.

तलावाकाठची झाडं पिवळी पडली. बायकोने मूस हरणाचं मांस वाळवून ठेवलंय. चर्चमधल्या मेणबत्त्या आता माझ्याऐवजी शेजारच्या मोझेसची बायको लावते. मी मागच्या बाकावर जपमाळ घेऊन बसतो.

ओढ्याची खबर तुला हवी असेल. त्यांनीच फांद्यांनी घातलेल्या वरच्या बांधामागे बीव्हरचं ते जुनं जोडपं अजून आहे, पण फार सावध झालंय. लोखंडी सापळ्यावर चिखल ओढून ठेवतं. म्हणून बाबांसारखे तारेचे फास लावले. तार स्प्रूस झाडाच्या सालीत उकळून काळी केली, तंबाखूची चिमूट ओढ्याला अर्पण म्हणून पाण्यात सोडली, आणि ज्या चरातून ते पॉप्लर झाडाच्या फांद्या ओढत नेतात तिथे फास धरला. सकाळी बघतो तर फास आवळलेला, आत त्यांनीच साल खाऊन सोललेली एक काठी! आपला चुलतभाऊ जेरमाया हसून हसून बोटीत आडवा झाला.

"इझिडोर, जावयासारखी सरबराई करतोस की रे त्यांची! आता दाढीला आरसापण ठेव."

"गप बस. तू मागच्या हिवाळ्यात फासात स्वतःचाच कुत्रा धरलास."

"धरला तर खरा! तुला नुसती काठी मिळते."

तेव्हा बाबा आठवले. फासाचं तोंड ते तुझ्या पंजाने मोजायचे. "हिची वीत, वर दोन बोटं." तू वाढलीस तसं एक बोट कमी झालं, मग दुसरंही, आणि एके वर्षी म्हणाले, "आता नुसती हिची वीत." तुझा हात पाण्याखाली जायचा आणि वर साधा तरंग उठायचा नाही. मी मागे वल्हं धरून. जरा हललो की बाबा ओरडायचे, "अरे मूसच्या पिल्ला, बूड टेकव!" जेवण झालं की तू बीव्हरची हाडं एकेक वेचून, त्यांचा मान राखायला, परत पाण्यात सोडायचीस. कुत्र्यांना एक मिळू दिलं नाहीस कधी.

ताई, बीव्हर तेवढे हुशार नाहीत. माझे हात थरथरतात. नर्सने आजाराचं नाव सांगितलं, ते बायकोच्या लक्षात आहे, मी विचारत नाही. फास पाण्यात धरला की तार वाकते, पाणी गढूळ होतं, आणि प्रत्येक चुकलेल्या फासाने ते जोडपं आणखी सावध होतं. जपमाळेचे मणीही हल्ली एकदम दोन सरकतात. देव समजून घेत असेल.

वसंतात गावातल्या शिकाऱ्यांची सभा आहे. ज्या ओढ्यावर या हिवाळ्यात कोणी शिकार केली नाही, तो दुसऱ्या घराला देतील. बाबांचा ओढा जाईल.

बाबांनी तो माझ्या नावावर केला, मुलगा म्हणून. तू तुझे शिकारीचे हातमोजे दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेस आणि शहराच्या बसमध्ये बसलीस. तुला एक सांगायचं राहून गेलं. शेवटच्या आजारपणात दार वाजलं की बाबा आधी त्या खिळ्याकडे बघायचे. मोजे तिथेच दिसले की तोंड भिंतीकडे फिरवायचे.

मी सगळे फास काढून घेतलेत. ओढा शांत ठेवलाय, म्हणजे ते जोडपं जरा विसरेल. पाणी गोठायला अजून थोडे दिवस आहेत. सभेत मी तुझंच नाव सांगणार आहे, पण नाव सांगून भागत नाही, फास लावणारा हात लागतो. ये. वल्हं मी धरेन. वल्ह्याला थरथर कळत नाही.

मोजे आज खिळ्यावरून काढले. चामडं कडक झालंय. अस्वलाची चरबी चोळून चुलीजवळ ठेवलेत. तू येईपर्यंत मऊ होतील.

बोटीत तुझ्या मागे बसणारा,
तुझा धाकटा भाऊ
इझिडोर