डुगडुग टेबलाची नव्हे, जमिनीची

प्रिय प्रसादराव, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी स्वतःच्या हातांनी केलेल्या जेवणाच्या टेबलावर, स्वतःच्या हातांनी केलेल्या खुर्चीत बसून लिहितो आहे. समोर मी केलेलं भिंतीवरचं घड्याळ (आतलं यंत्र विकतचं, पण बसवलं मी), डावीकडे मी केलेला देव्हारा, ज्याच्या कळसापर्यंत एकही खिळा नाही, मागे रुचाच्या पुस्तकांचं कपाट, स्वयंपाकघरात पोळपाट, शेवयांचा पाट आणि पुरणयंत्राची नवी मूठ, बाहेर झाडावर पक्ष्यांसाठी घरटं (पक्षी अजून आलेले नाहीत, इथले पक्षी चौकस नाहीत). यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. रत्नाला नोकरी होती आणि मला तिच्या व्हिसावर नुसतं असायची परवानगी होती, त्या वर्षांत तळघरात बसून, बोटं चेचून घेत मी हे शिकलो. एवढं लांबण अशासाठी लावलं की हे पत्र कशावर लिहिलं जात आहे ते तुमच्या नजरेस यावं. अक्षर नीट पाहा. कुठे हललंय?

तुमचा गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना सुपारी फोडल्यासारखा आवाज यायचा तो कमी झाला का? शीलाताईंची साखर आटोक्यात असेल, आणि तुमची नसेल, असं मी धरून चालतो. आम्ही मजेत आहोत. रत्ना ऑफिसात आहे, रुचा कॉलेजात आहे आणि बर्फ अंगणात आहे, एप्रिल निम्मा सरला तरी.

आता मुद्दा. गेल्या खेपेला तुम्ही दोघं शिकागोला आलात, रुचाच्या पार्टीला बारा माणसं याच टेबलाभोवती जेवायला बसली, आणि तुम्ही सगळ्यांदेखत वाटीकडे बोट दाखवून म्हणालात, "मोरेश्वरराव, आमटीला भरती आली की हो!" लोक हसले. लोकांचं काय, लोक कशालाही हसतात. पण तेव्हापासून आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर माझा उल्लेख 'डुगडुगे' असा होतो. परवा माझ्या वाढदिवसाला निम्म्या शुभेच्छा डुगडुगे यांना आल्या. मी त्याच दिवशी सांगितलं होतं आणि पुन्हा लिहून देतो: टेबल डुगडुगत नाही. आमच्या जेवणघराची जमीन वाकडी आहे. घर बांधणाऱ्या कंत्राटदाराला काटकोन माहीत नव्हता, त्याची शिक्षा माझ्या टेबलाने का भोगावी?

तरीही मी मनात काही ठेवत नाही. सप्टेंबरात पुन्हा येणार म्हणून तुम्ही मला शिकागोतले पाहण्यासारखे जुने, ऐतिहासिक पब शोधून ठेवायला सांगितलंत, "स्वतः जाऊन पाहा, नेटवरचं नको" असं बजावलंत (म्हणजे डुगडुगता असलो तरी तपशिलासाठी माणूस मीच), म्हणून मी कामाला लागलो. मी घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. लग्नकार्यात घेतो, तीही तुम्ही ओतलीत तर. पण पाहण्याला काय हरकत? या शहरात जुने पब पुष्कळ आहेत, कोपऱ्याकोपऱ्यावर, लाल विटांचे, वर एखाद्या बंद पडलेल्या बिअर कारखान्याचं चिन्ह. आणि प्रत्येकाचा इतिहास एकच. आपल्याकडे जशी प्रत्येक तालुक्यात पांडवांनी एका रात्रीत कोरलेली लेणी असतात, तसं इथल्या प्रत्येक पबात दारूबंदीच्या काळातलं भुयार असतं आणि त्यातून तोच एक नामांकित गुंड पळालेला असतो. मी एका ठिकाणी भुयार दाखवा म्हणालो तर मला कोळशाची खोली दाखवली. दुसऱ्या ठिकाणी गुंडाची खुर्ची दाखवली. मी उलटी करून पाहिली, खाली फुलीच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू, जे त्या काळी निघालेच नव्हते. गुंड गेल्यावर बऱ्याच वर्षांनी बसला असेल तर माहीत नाही. तिथून मला जायला सांगितलं.

मग डोलन्स. डेव्हन ॲव्हेन्यूवर एका किराणा दुकानाच्या फळ्या बसवून (हो, सरळ. पापडाचे डबे अजून खाली आलेले नाहीत) मी बसने परत निघालो होतो, हा पब खिडकीतून दिसला आणि उतरलो. बाहेर लख्ख ऊन, आत अंधार. दारातून शिरलं की समोर लाकडी खांब, त्याला हात वर केला की पुरेल अशा उंचीवर पितळी घंटा, आणि पलीकडे पिवळ्या दिव्याखाली मिशीवाल्या मूळपुरुषाची तसबीर. आता तुम्हीच सांगा, आपल्या माणसाने काय करायचं? हात गेला. घंटा वाजली. डोळे मिटून अर्धं नमनसुद्धा झालं. डोळे उघडतो तो अख्खा पब उभा राहून आरोळ्या ठोकतोय, कोणी माझ्या पाठीवर थापा मारतंय, एक म्हातारा माझ्या कपाळाचा मुका घेऊ पाहतोय. मला वाटलं, दिसायला धटिंगण, पण केवढे भाविक लोक!

खुलासा मालकिणीने केला. तिचं नाव पेग डोलन, वय साठीच्या पुढे, दंड माझ्यापेक्षा जाड. इथला नियम असा की घंटा वाजवेल त्याने सगळ्यांना एकेक पाजायची. पणजोबांचा नियम. (आपल्याकडे घंटा वाजवणाऱ्याला तीर्थ मिळतं, इथे घंटा वाजवणाऱ्याने पंगतीला तीर्थ द्यायचं. धर्म तोच, वाढपी उलटा.) मी तिला सांगितलं की बाई, ही सवय आहे, आमच्याकडे घंटा दिसली की हात जातोच. ती म्हणाली, "हनी, इथे पण जातो. एकदाच." कार्ड काढावं तर ते घासलं की रत्नाच्या फोनवर किणकिण होते, आणि भर दुपारी मी एका पबात अनोळखी माणसांना का पाजत होतो, याचं उत्तर कुठल्याही नवऱ्याकडे नसतं. मग मी माझी हत्यारांची पेटी काउंटरवर ठेवली आणि म्हणालो, पैशाऐवजी काम देतो. पेगने विचार केला. मागच्या खोलीचं दार अडकायचं, ते नीट कर, म्हणाली. फक्त दार.

दार मी असं केलं की आता फुंकर मारली तरी लागतं. पण हत्यारं बाहेर आलेली, हात तापलेला, आणि खिडकीजवळ एक जुनं गोल टेबल सरळसरळ डुगडुगत होतं. प्रसादराव, तुम्ही त्या दिवशी जे पाहिलंत ते नव्हे. खरी डुगडुग, शास्त्रशुद्ध, एक पाय आखूड. कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याने राहवेना. मी पाय मापला, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा कापला, खुंटी मारली, सरस भरला, रंग जुळवला. जोड नखाला लागत नव्हता. पेग बिअर ओतण्यात गर्क होती. मी कोणाला काही न सांगता, एखाद्या साधूसारखा, निघून आलो.

गुरुवारी पेगचा फोन. (नंबर दाराच्या आतल्या बाजूला मीच लिहून आलो होतो, कोणाला काम हवं असलं तर.) आवाज मयताला बोलावल्यासारखा. मला वाटलं दार पडलं. गेलो तर चार निवृत्त म्हातारे त्या टेबलाभोवती रिकामे ग्लास धरून बसलेले, आणि त्यांच्यातला वॉल्टर, पूर्वीचा बस ड्रायव्हर, तोच माझ्या कपाळाचा मुका घेणारा, आजारी म्हशीजवळ बसावं तसा टेबलाच्या पायाशी बसून त्या पायावरून हात फिरवतोय. त्यांची रीत अशी निघाली: चौघांनी ग्लास काठोकाठ भरून ठेवायचे, कोपर टेकायचे, गप्पा मारायच्या, आणि टेबल डुगडुगून ज्याची पहिली सांडेल त्याने पुढची पाजायची. पेगच्या पणजोबांपासून पबाचा निम्मा गल्ला त्या आखूड पायावर चाललेला. मी दुरुस्त केल्यापासून सांडत नव्हती. सांडत नव्हती म्हणून कोणी पाजत नव्हतं, आणि पाजत नव्हतं म्हणून बोलायलाही काही उरलं नव्हतं. वॉल्टर माझ्याकडे पाहून म्हणाला, "यू किल्ड हर." म्हणजे टेबल बाई होती, हेही मला तेव्हाच कळलं.

पेग म्हणाली, तुझा तुकडा काढ. मी म्हणालो, निघणार नाही. उद्धटपणा नव्हे, निघतच नाही. माझी खुंटी आहे ती, काढायची तर मूळ पाय फुटेल. मग म्हणाली, दुसरा पाय काप. इथे मात्र मी ताठ झालो. वैद्याला कोणी सांगतं का, याला बरा केलास, आता थोडा ताप आण? मी आयुष्यात मुद्दाम वाकडं काम केलेलं नाही. पण त्याच क्षणी मला एक विचार सुचला, आणि तो तुमच्यामुळे सुचला, म्हणून सविस्तर लिहितो. यांना खऱ्या भक्कम टेबलाची चव माहीत नाही, आणि माझ्या टेबलाला सपाट जमीन कधी मिळालेली नाही. दोन्ही गोष्टी एका फेरीत जमत होत्या. म्हटलं, येत्या शनिवारी मी माझं टेबल इथे आणतो. त्यावर बसून पाहा. आवडलं तर तसंच नवीन करून देईन.

व्हॅन शंतनूची. (आमच्या शेजारचा, नागपूरचा, कॉम्प्युटरवाला. तो मला "काका यार" म्हणतो. मी त्याला अनेकदा सांगितलं, एक तर काका म्हण नाही तर यार म्हण.) "काका यार, घरचं टेबल पबात? काकूंना विचारलं का?" काकूंना विचारलं नव्हतं. काकू जिमला गेल्या होत्या. रुचा मात्र घरी होती, ती दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट. इट लिटरली वॉबल्स." मी तिला जमिनीचा मुद्दा समजावत होतो तोवर तिने कानात गाण्याचं ते बोंड घातलं.

पबात पोचल्यावर मी आधी सगळ्यांना बाजूला केलं आणि पेटीतून पाणसळ काढली. (इथे तिला स्पिरिट लेव्हल म्हणतात. वॉल्टर म्हणाला, ती आपल्याकडे ठेवत नाहीत, पण व्हिस्की आहे.) जमीन चारही दिशांनी तपासली. बुडबुडा मधोमध, केसभरही इकडे नाही की तिकडे नाही. शंभर वर्षांची जमीन, आणि तळ्यासारखी सपाट! मी सर्वांना मोठ्याने सांगितलं की ही जमीन निर्दोष आहे, याला तुम्ही साक्षीदार. शंतनूला व्हिडिओ काढायला लावला, की तुम्हाला पाठवता येईल. मग टेबल ठेवलं. चौघे बसले. ग्लास भरले गेले, कोपर टेकले गेले. पुढे काय झालं ते थोडक्यात सांगायचं तर कार्यक्रम अतिशय यशस्वी झाला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, वॉल्टरच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पेगने, स्वतःच्या हाताने, घंटा वाजवली.

असो. टेबल आता घरी परत आलं आहे, त्यावरच हे लिहितो आहे. शीलाताईंना नमस्कार. गुडघ्याला तीळतेल लावा, गरम करून, नुसतं फासून नव्हे.

तुमचा,
मोरेश्वर

ता. क. पबांची यादी राहिली. जाण्यासारखा एकच: डोलन्स. दारातून शिरताना दोन्ही हात खिशात ठेवा. शीलाताईंचे विशेषतः.

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण आता लिहितो, कारण वर जमलं नाही. आज, पत्र मिळताक्षणी, ग्रुपवर तुमच्या नावाने एवढंच टाका: "मोरेश्वररावांचं टेबल डुगडुगत नाही, माझीच वाटी वाकडी होती." वाटीच का म्हणून विचारू नका, जमीन आता म्हणता येत नाही. आणि हे शंतनूचा व्हिडिओ पाहायच्या आधी टाका. तो व्हिडिओ त्याने रुचाला दिला आहे, रुचाने अजून कुठे टाकलेला नाही, आणि न टाकण्याबद्दल मी तिच्यासाठी विनातक्रार ड्रेसिंग टेबल करतो आहे. आरसा सरळच लागेल.

ता. क. व्हिडिओ तुमच्यापर्यंत आधीच आला असेल तर काही गोष्टी ध्यानात घ्या. एप्रिलची थंडी, व्हॅनचा प्रवास, लाकूड जिवंत असतं, ते परक्या ठिकाणी बिचकतं. वॉल्टरची बसल्या बसल्याच सांडली. लगेच दुसऱ्याची, मग पहिल्याची पुन्हा. त्यांचं म्हणणं, त्यांच्या म्हातारीपेक्षा ही बाई तरतरीत आहे. पेग व्हॅनपर्यंत मागे आली. टेबल विकत हवं म्हणाली, अट एकच, आणि तीही लेखी: मी त्याला परत हात लावायचा नाही, डुगडुग आहे तशीच राहिली पाहिजे. रत्ना म्हणते, द्या. रुचा म्हणते, द्या. शंतनू म्हणतो, काका यार, द्या. मी नाही म्हणालो.

बाराशे डॉलर देत होती.