मागच्या सीटवरची माणसं

६ नोव्हेंबर, गुरुवार

घेतली! सतरा इंची चाकं. चार खोकी हॉलमध्ये उभी आहेत, पाहुणे आल्यासारखी.

लेक शाळेत असल्यापासून म्हणायची – "आई, आपली गाडी हत्तीएवढी आणि पाय मुंगीचे!" आता ती होस्टेलवर. तिचे बाबा वेगळे राहायला गेले, तेव्हापासून या घरी मुक्कामाला आलीच नाही. येते, चहा घेते, घड्याळ बघते. सुट्टी लागतेय म्हणून विचारलं, राहायला येशील? म्हणाली, "बघू."

त्या "बघू"साठी चार चाकं! माझं मलाच हसू येतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आता टायर कोणते? जुन्यावर लिहिलंय १९५/६५, पंधरा इंच. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा – रबराची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. रिम, म्हणजे आतलं धातूचं चाक, वाढली की रबर तेवढं पातळ व्हायला हवं, म्हणजे चाकाची एकूण उंची तीच राहते. नाहीतर स्पीडचा काटा खोटं बोलतो – गाडी पळते जास्त, दाखवतो कमी.

दुपारी वाचनालयात शुकशुकाट. काउंटरवर बसून हिशेब मांडला. २०५/५० जवळजवळ तंतोतंत बसतो! २१५/५० मात्र चांगला बारा मिलिमीटरनं उंच. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. समोर एक गृहस्थ वर्तमानपत्रावर झोपले होते. राहिलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

टायरवाल्याकडे नेमके २१५च. "ताई, हेच टाका. भरदार दिसतात. दुसरे मागवायचे तर आठवडा जाईल."

माझा हिशेब पुढे केला. मान डोलावली त्यानं. "बरोबर आहे तुमचं. पण रिकाम्या गाडीत हेही चालतात. मागे माणसं बसली की गाडी दबते, मग उंचवट्यावर टायर वरच्या पत्र्याला घासतो. मागे कोण बसतं?"

साधाच प्रश्न.

"बसतात की," म्हटलं.

"मग बसवून बघू. तिघं आणा, चांगली खात्यापित्या घरची. त्याशिवाय मी गाडी पास करत नाही. घासले तर बदलून देतो."

"पोती चालतील?"

"पोती गप्प बसतात हो. माणसं हलतात, भांडतात!"

नवे टायर चढवून घरी आले. सावकाश. रिकामी.

१० नोव्हेंबर, सोमवार

तिघं कुठून आणू? फोनमधली नावं वर-खाली केली. प्लंबर. गॅसवाला. दाताचा डॉक्टर.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लेकीचा मेसेज – "आई, या सुट्टीत राहायला नाही जमणार." पुढे एक हसरा चेहरा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मग हेच टायर ठीक आहेत. रिकाम्या गाडीत काहीच घासत नाही. तसं सांगायला दुकानात फोन केला. "मागे कुणी बसत नाही" – एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघेना. "रविवारी येते," म्हटलं आणि ठेवून दिला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वरच्या मजल्यावरच्या काकूंचं दार वाजवलं. बाल्कनीतून गळणाऱ्या पाण्यावरून आमची जुंपली होती, तेव्हापासून बोलणं नाही.

"काकू, रविवारी तुम्ही आणि काका माझ्या गाडीत बसाल?"

"कुठे जायचंय?"

"कुठेच नाही. फक्त वजनाला."

काकू इतक्या हसल्या की चौकट धरावी लागली. "अहो, ऐकलंत का? आपल्याला वजनाला बोलावलंय!"

तिसरा त्यांनीच सुचवला. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. "एकटा दोघांना भारी आहे तो!"

१६ नोव्हेंबर, रविवार

काका पुढे बसायला निघाले. काकू म्हणाल्या, "तुम्ही मागेच. वजन तुमचंच आहे." इस्त्रीवाला कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. रस्ताभर तो चुरगळू नये म्हणून ताठ.

दुकानासमोर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी उंचवट्यावरून नेली. टायरवाला वाकून, कान लावून बाजूनं चालतोय. घर्रर्र!

"घासलं!" तिघं एकदम ओरडले, मॅच जिंकल्यासारखे.

"माझ्या बाजूनं घासलं," काका.

"तुमच्याच बाजूनं घासणार!" काकू.

इस्त्रीवाला असा हसला की गाडी हलली आणि पुन्हा घासलं.

२०५ मागवलेत. पुढच्या रविवारी तिघांना घेऊन पुन्हा तपासणी. परत निघालो, तर काकू म्हणतात, "बसलोच आहोत तर नदीवरून ने गं."

नेलं. वाटेत खड्डा आला की मागून तिघंही – घर्रर्र! मी आरशात पाहिलं. मागची काच दिसेना. डोकीच डोकी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लेकीचा फोन. रविवारी दुपारी तासभर येऊन जाईन, स्टँडवर घ्यायला येशील?

"येते. पण तुला पुढे बसावं लागेल. मागे जागा नाही."

ती – "आई, कोण आहे गाडीत?"

मी सांगायला लागले. वजन, काकू, कडक इस्त्री, सगळं. मध्येच थांबवलं तिनं.

"थांब. मी शनिवारीच येते. पुढची सीट कुणाला देऊ नकोस."