माझ्याच अक्षरातलं पाकीट

३ फेब्रुवारी, सोमवार

अर्ज आणला. चार पानं. नव्या तेल-कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन जागा आहेत. वयाची अट चाळीस — आणि मला एप्रिलमध्ये चाळीस पूर्ण होतात. म्हणजे हा शेवटचाच!

तिसऱ्या पानावर सातवा रकाना — 'आधीची नोकरी सोडण्याचं कारण.' वाचलं. अर्ज कपाटात ठेवून दिला.

४ फेब्रुवारी

खालचे हेदीकाका बत्तीस वर्षं नगरपालिकेत कारकून होते. म्हणाले, "आधी सगळा वाच. मग झेरॉक्सवर पेन्सिलीनं भर. आणि रकाना रिकामा ठेवू नकोस हं पोरी — रिकाम्या जागेत साहेबलोक आपल्या मनाचं भरतात."

सहा झेरॉक्स काढल्या. सातवा रकाना सोडून सगळं भरलं.

५ फेब्रुवारी

आई म्हणते, "लिही की घरगुती अडचण! कोण विचारायला येतंय?"

येणारच. आमच्या सफाक्स शहरात तेलवाले सगळे एकमेकांचे सोयरे. बूबकर शेठच्या गिरणीत मी अकरा वर्षं तेल तपासलं. दोन वर्षांपूर्वीच्या सुगीत शेठ म्हणाले, खवट टाक्यांना अव्वल दर्जा दे, सही कर. माझ्याआधी दलेंदाला, माझ्याबरोबर तेल तपासणाऱ्या मैत्रिणीला, आत बोलावलं होतं. ती परत आलीच नाही. शेठ मला म्हणाले, "ती शहाणी! सही केली, सुट्टी घेऊन घरी गेली. तुला काय धाड भरलीय?"

मी नाही केली. संध्याकाळी फाटकाबाहेर. वर धमकी — "तुला कोण दारात उभं करतं तेच बघतो."

शेठची भीती वाटते. पण राग दलेंदाचा येतो. नऊ वर्षं एका भाकरीतले दोन तुकडे करून खाल्ले आम्ही! आता बाजारात दिसली की मी रस्ता बदलते.

७ फेब्रुवारी

खोटं लिहिलं तर एका फोनवर उघडं पडेल. खरं लिहिलं तर भांडखोर ठरेन.

हेदीकाका म्हणाले, "खरं ते एका ओळीत लिही. रडगाणं नको, शिव्या नकोत."

लिहिलं — 'चुकीच्या अहवालावर सही करायला नकार दिला.' शाईनं! आता खोडताही येणार नाही.

१० फेब्रुवारी

अर्ज दिला. नियमाप्रमाणे सोबत तिकीट लावलेलं पाकीट, वर माझाच पत्ता, माझ्याच हातानं. उत्तर त्यातच घालून पाठवतात. म्हणजे नकारसुद्धा माझ्याच अक्षरात येणार!

खिडकीतली मुलगी अर्जांना जोडलेली पाकिटं सोडवून सगळी एका खोक्यात टाकत होती. "अहो, नीट ठेवा," म्हटलं. "ताई, आमचं काम आम्हाला कळतं."

१४ फेब्रुवारी

अनोळखी नंबर. बूबकर शेठच असणार! — उचललाच नाही. नंतर कळलं, आईच्या गोळ्या आल्यात म्हणून औषधवाल्याचा होता.

२१ फेब्रुवारी

पाकीट आलं. माझं अक्षर. फोडायचा धीर नाही. साखरेच्या डब्याखाली ठेवलंय. आई चहा करताना दर वेळी डबा उचलते आणि माझ्याकडे बघते.

२२ फेब्रुवारी, सकाळ

फोडलं. पाकीट माझं, आतलं पत्र दलेंदाच्या नावाचं! खोक्यात अदलाबदल झाली.

'आपण नोकरी सोडण्याचं कारण "खोट्या अहवालावर सही करण्यास नकार" असं लिहिलं आहे. त्याबाबत समक्ष बोलण्यासाठी सोमवारी यावे.'

तीनदा वाचलं. सहीला नकार! दलेंदाचाही!

दुपार

तिच्याकडे गेले. तिनं दार उघडलं. हातात तिच्या अक्षरातलं पाकीट आणि माझ्या नावाचं पत्र. दोघींनाही सोमवारीच बोलावलंय. मग म्हणाली, "शेठ मला म्हणाले होते, सही तू आदल्या दिवशीच केलीस."