पलंगावरून उठण्याचं शिक्षण

॥ श्री ॥
महागाव, १४ सप्टेंबर २०२४

ति. भागीरथाताईस सदाशिवचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुले ऐकू येत नाही अन् मोठ्यानं बोललो का माह्या पाठीचे टाके ओढतात, म्हणून कागद घेतला. ऑपरेशन बरं झालं, घरी आलो. सोयाबीन शेतात उभं आहे अन् शेताचा मालक पलंगावर आडवा.

निघताना दवाखान्यातल्या बाईनं आमच्या सुनेच्या, दिपालीच्या मोबाइलवर एक व्हिडिओ टाकून देला. पाठीले पीळ न देता कसं वळाचं, कसं उठाचं, सारं त्यात एक पोरगा करून दाखवते. मी म्हटलं, जन्मभर उठत आलो, आता हे पोट्टं मले शिकवन काय?

सकाळी फोन छातीवर ठेवून सुरू झालो. त्यानं गुडघे वाकवले, मी वाकवले. तो उजव्या कुशीवर वळला, मी वळलो. माह्या पलंगाच्या उजवीकडं भिंत आहे. नाक भिंतीले लागलं, फोन घसरून पलंगाखाली गेला, अन् तिथूनच तो सांगे का आता पाय खाली सोडा. कुठं सोडू, भिंतीत? तुही भावजय धावत आली तं पलंगाखालून माणूस बोलून राह्यला अन् नवरा भिंतीकडं तोंड करून पडला. तिनं आधी देवाचं नाव घेतलं, मंग माह्यं.

मंग पंचायत बसली. शेजारचा धावजी म्हणे, उशी पायथ्याशी घ्या, उजवी बाजू मोकळी होईल. पण मंग पाय दक्षिणेकडं होतात. तुही भावजय म्हणे का दवाखान्यातून जिवंत आणलेल्या माणसाचे पाय मी दक्षिणेकडं करू देणार नाही. पलंग ओढला तं दार लागेना. शेवटी दिपालीनं व्हिडिओ पुरा पाह्यला. त्यात शेवटी तो पोरगा सांगते का जिकडं जागा आहे तिकडून वळा. येवढी शहाणी माणसं घरात, पण डावीकडं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

हसून झालं असंल तं कामाचं लिहितो. तुहा लेक रजत सांगत होता का तुह्या पायाचा बधिरपणा वाढला, डॉक्टर पाठीचं ऑपरेशन म्हणतात अन् उशीर केला तं पाय जाईल म्हणतात. तू नाही म्हणून बसली. काहून? मोकळं लिहिजो. या येड्या, बयाड भावावर माया आहे तशीच राहू दे.

तुहा सदा

॥ श्री ॥
वणी, २२ सप्टेंबर

चि. सदास भागीरथाचे अ. आ.

तुह्यं पत्र वाचताना चहा सांडला. सुनेले वाटलं, काही वाईट बातमी आली. अर्धं ऐकून धावाची तुही सवय काही गेली नाही.

तो व्हिडिओ रजतनं मलेही दाखवला. त्या पोराची पाठ कधी दुखलीच नसन. पंगतीत बोलावल्यासारखा टुणकन उठते. त्याच्या भरवशावर मी ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपू काय?

काहून नाही म्हणते ते ऐक. माही सासू अंथरुणाले खिळली होती तवा मीच तिले उठवो, मीच बसवो. कधी कुरकुर केली नाही. पण मी हात लावाच्या आधी ती दरवेळी माह्या तोंडाकडं पाहे, आज मी चिडली तं नाही ना म्हणून. तसं मले सुनेच्या तोंडाकडं पाहाचं नाही. सून चांगली आहे, म्हणूनच नाही. मले भेव वाटते सदा. हे कोणाले बोलली नव्हती.

तू वाकू नको, वजन उचलू नको. तुह्या घरच्यांवर माहा जीव आहे, सांगजो.

तुही ताई

॥ श्री ॥
महागाव, ३ ऑक्टोबर

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

डावी बाजू सापडली तरी मी आपल्यानं उठत नव्हतो. ते तुले लिहिलं नाही. पाठ उसवन असं वाटे. कोणी विचारलं तं म्हणो, डॉक्टरनं आराम सांगतला. डॉक्टरनं चालाले सांगतलं होतं.

तुह्यं पत्र वाचलं अन् दिपालीले म्हटलं, माहाच व्हिडिओ काढ. तुह्या भावजयीले सांगतलं का तू बाजूले उभी राह्य, पण हात मागं ठेव. पहिल्या झटक्यात खांदे वळले अन् कंबर मागंच राह्यली. दिपाली म्हणे, बाबा थांबा, पीळ पडते. मंग पुन्हा गुडघे वाकवले, खांदे अन् कंबर संगंच वळवले, पाय खाली सोडले, हातानं रेटलं. बनियन वर गेलं, पोट बाहेर आलं, अन् तोंडातून निघाले ते शब्द देवघराजवळचे नव्हते. पण बसलो, अन् रडलो. दिपाली म्हणे, व्हिडिओतलं रडणं मी कापते. मी म्हटलं, काहीच कापू नको.

रजतच्या फोनवर पाठवला आहे. गावानं आधीच पाह्यला. धावजी आता रोज विचारते का कंबर आली का मागून. हसजो, पण शेवटपर्यंत पाह्यजो.

तुह्या आशीर्वादाले टेकून बसलेला,
सदा

॥ श्री ॥
वणी, ९ नोव्हेंबर

चि. सदास अ. आ.

रजतनं तुहा व्हिडिओ टीव्हीवर लावला. तुह्यं पोट पडद्यात मावेना. पण खरं सांगू, मी तुह्याकडं पाह्यलंच नाही. तुह्या बायकोच्या तोंडाकडं पाह्यत होती. ती चिडलेली नव्हती. तुले धराले तिचा जीव निस्ता तळमळत होता. माही सासू रोज माह्या तोंडावर चीड शोधे, पण तिथंही असंच तळमळणं असंल, अन् तिले ते कोणी सांगतलं नाही. त्याच दिवशी रजतले म्हटलं, तारीख घे.

ऑपरेशन होऊन घरी आली. पायात जीव येऊन राह्यला. दवाखान्यात पहिल्यांदा उठवाले नर्स आली तवा मी तिले म्हटलं, आधी माहं मले उठून पाहू दे. माहीही कंबर एकदा मागं राह्यली. मंग उठून बसली. पहिले सुनेच्या तोंडाकडं पाह्यलं. ती रडून राह्यली होती. चालाले तिचा हात मीच मांगतला.

तुमच्या सगळ्यांची वाट पाह्यणारी,
ताई