उभ्या तुरीतून

३ नोव्हेंबर, सोमवार. अमरावती

छावणीत हजर झालो. मेजरसाहेबांनी हुकूम वाचून दाखवला. एकवीस दिवस तयारी, २४ ला गाडी, मग वर्षभर सरहद्दीवरच्या डोंगरात.

माझ्या हाताखाली चौतीस जण. राखीव पलटण म्हणजे वर्षातून एक महिना वर्दी, अकरा महिने घर. एक शाळामास्तर, एक एसटीचा कंडक्टर, दोघांची औषधाची दुकानं, बाकी सगळे शेतीवाले नाहीतर भाजीपालावाले. मी नायब सुभेदार असलो तरी जात तीच, हिवरखेडला सहा एकर. फरक इतकाच की त्या डोंगरात मी आधी एकदा जाऊन आलोय.

दुपारी पळवलं. नऊ जण मध्येच बसले. मास्तर ओकला. एकवीस दिवसांत काय होणार आहे, डोंबल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

साहेबांचं म्हणणं, या वेळी सगळं खऱ्यासारखं. गावाबाहेर टेकडीखाली सराव. नुसत्या आवाजाच्या कोऱ्या गोळ्या, स्मोक, भोंग्यावर किंकाळ्यांची टेप. पंच म्हणून दुसऱ्या पलटणीतले चौघे, दंडाला पांढरी पट्टी. ज्याला 'मेला' म्हणतील त्याच्या छातीवर लाल चिठ्ठी लावायची, आणि त्याने सराव संपेपर्यंत तिथंच पडून राहायचं.

टेकडीच्या पायथ्याशी तुरीचं शेत आहे. साहेबांनी ते उभ्या पिकासकट मोबदला देऊन घेतलंय, त्यातून चढाई करता यावी म्हणून. तूर खांद्याला लागते, फुलावर आहे. झकास आडोसा.

माझे पठ्ठे शेतापर्यंत वाकून, नीट अंतर ठेवून गेले. मला बरं वाटलं. आणि शेत आल्याबरोबर सगळे वळले धुऱ्यावर, बांधावर. एकामागे एक, धुऱ्याच्या पायवाटेनं, वावरात निंदणाला निघाल्यासारखे. टोकाशी मशीनगन होतीच. चौतीसपैकी एकतीस चिठ्ठ्या.

सगळ्यात पुढे दिनकर.

८ नोव्हेंबर, शनिवार

साहेबांनी नवीन नियम काढला. जो 'मेला' त्याच्या घरी काय कळवायचं ते प्लॅटूनच्या प्रमुखानं स्वतः लिहायचं. म्हणजे मी. खोटं असलं तरी पूर्ण लिहायचं, नावागावासकट. म्हणाले, लिहिताना हात जड झाला पाहिजे.

कालच्या सरावात परत बावीस. सगळे धुऱ्यावर. लिहीत बसलो. कंडक्टरचं लिहिलं, मास्तरचं लिहिलं. दिनकरच्या कागदाशी अडलो. दिनकर मूळ आमच्या हिवरखेडचा, आता अकोल्याजवळ वांगी-मिरचीचा मळा करतो. बायको रेखा जठारपेठेत भाजी विकते. मला भाऊ म्हणते. 'चि. रेखा हीस' एवढं लिहिलं आणि बाहेर जाऊन तोंड धुऊन आलो.

मग पुरं केलं. दोनच ओळी झाल्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज सगळ्यांना बसवून सांगितलं. त्या डोंगरात पायवाटेवर सुरुंग असतात. बंदूक रोखलेली असते ती पायवाटेवरच. मागच्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर एकाचा पाय गेला, घोट्याच्या खाली काही उरलं नव्हतं. तोही आपल्यासारखाच, वाट दिसली की वाटेनं जाणारा. पायवाट म्हणजे मरण. बारा वेळा म्हणून घेतलं.

दिनकर दहाबारा जणांच्या सेक्शनचा म्होरक्या आहे. नेमबाजीत पहिला, नकाशा वाचतो, माणसं त्याचं ऐकतात. त्याला बाजूला घेऊन विचारलं, तुझंच असं का होतं?

"भाऊ, डोकशात सारं रायते. पन उभ्या पिकात पाय पडतच नाई. म्या काय करू?"

त्याच्यावर ओरडलो. काही उपयोग नाही, माहीत होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दोन तास फक्त तूर तुडवणे. दुसरं काही नाही. आडवं जायचं, दोन ओळींमधल्या तासातून नाही.

पहिल्यांदा सगळे फांद्या हातानं बाजूला सारत गेले, शेंगा तोडायला आलेल्या बायांसारखे. औषधवाल्यांपैकी एकानं मोडलेली फांदी सरळ करून ठेवली. मी मागून शिव्या घालतोय. तिसऱ्या फेरीला जरा जमलं. मास्तर सगळ्यात बरा, त्याच्या घरी शेत नाही.

तेवढ्यात शेताचा मालक आला. म्हातारा. शेत विकलेलं, मोबदला मिळालेला, तरी आला. कडेला उभा राहून बघत होता. मी रामराम घातला. तो म्हणाला, "चालू द्या ना. पैशे भेटले मले." आणि पाठ फिरवून उभा राहिला. गेला मात्र नाही.

त्यानंतर एकाचाही पाय उचलेना. अकरा दिवस उरलेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सराव. चौदा. कमी झाले. तरी चौदा.

चौदाही दिनकरच्या सेक्शनचे आणि त्यांच्यामागून गेलेले. तो गांगरला की धुरा धरतो आणि माणसं त्याच्यावर भरवसा ठेवून मागे जातात. त्याचा गुणच नडतोय.

बायकोचा, सुनंदाचा फोन. घरी कापूस वेचायला बाया मिळत नाहीयेत. म्हणाली, आवाज असा काहून येऊन राहिला तुमचा. सर्दी झाली म्हणालो. खरं तर घाबरलोय. या वयात, इतकी वर्षं वर्दी घालूनही. चौतीस घरं आहेत आणि मी त्यांना नीट शिकवू शकत नाहीये.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दिनकरचं नाव कापलं. जाणाऱ्यांच्या यादीतून मागे राहणाऱ्यांच्या यादीत.

त्याला मीच सांगितलं, साहेबांवर ढकललं नाही. तो बूट बघत होता. मग म्हणाला, "भाऊ, गावात काय तोंड दाखवू? मले काहून मांगं ठेवून राहिले, थे तरी सांगा." कारण त्याला माहीत होतं. त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. सांगितलं. तू आणखी तेरा जणांना घेऊन मरशील.

तो जेवायला आला नाही. मीही अर्धवटच जेवलो. योग्य केलं असं दिवसभर स्वतःला सांगतोय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शेवटचा मोठा सराव. सकाळी सहाला सुरू. दिनकर पंचांच्या हाताखाली, स्मोकच्या नळ्या पेटवायला.

कसं सांगू. लिहायचं तर आहे.

पहिला टप्पा चांगला झाला, माणसं तुरीत शिरली. मग उजवीकडून गोळीबार, समोर काही दिसेना, भोंग्यावर कोणीतरी आई आई करून रडतंय. कंडक्टर पडला. मास्तर मला विचारतोय, साहेब कुठं, साहेब कुठं. मी ओरडलो, माझ्यामागं या. आणि पळालो. पायाखाली कडक लागलं तेव्हा कळलं. धुऱ्यावर होतो. मी. मागे अकरा जण.

पंचानं माझ्या छातीवर चिठ्ठी लावली. त्याला अवघडल्यासारखं झालं असावं, सॉरी साहेब म्हणाला. पाऊण तास उन्हात पडून होतो. बारा वेळा म्हणून घेतलं होतं मी. मीच.

संध्याकाळी नियमाचा प्रश्न आला. प्रमुखच मेला तर त्याच्या घरी कोण लिहिणार? साहेब म्हणाले, जो उरला त्यातला सर्वांत जुना. तो दिनकर निघाला, स्मोकच्या नळ्यांशी असल्यानं चिठ्ठी न लागलेला. तासाभरानं कागद घेऊन आला. शाईचं अक्षर, खाडाखोड नाही:

'सौ. सुनंदावहिनी, भाऊ सगळ्याच्या पुढं होते. वावर तुडवाले धजले नाई. बाकी त्याईची काई चूक नोती.'

वाचून मान वर केली तर तो अजून उभाच. म्हणाला, "भाऊ, तुमाले मांगं कोन ठेवनार?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांकडे गेलो. सरळ सांगितलं, माझी माणसं तयार नाहीत, मी तयार नाही, अजून दहा दिवस द्या. साहेब पुण्याचे, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, दहा दिवस मीही मागितले होते. मिळाले नाहीत. वर डोंगरात एक पलटण उतरायची वाट बघतेय, ती तेरा महिने तिथं आहे.

यादीवर सही हवी होती. 'सर्व जवान तैनातीस सज्ज.' दिनकरचं नाव परत लिहिलं. त्याला कापायचा नियम लावला तर पहिलं नाव माझं कापावं लागतं, आणि मग यांना नेणार कोण? सही केली. हात जड झाला, साहेब म्हणाले होते तसा.

दिनकरला सांगितलं. तो म्हणे, सकाळी परत तुरीत जाऊ.

२३ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस गेलो. पण शेत आता सपाट झालंय. काड्या आणि माती. कोणीही चालेल त्यातून, धडाधड चालले. उभं पीकच उरलं नाही तर शिकवू कशात?

दुसरं शेत मागायला वेळ नाही. मागायचं तोंडही नाही. बॅगा भरल्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार. गाडीत

दुपारी बडनेऱ्याहून बसलो. सगळे हजर. सुनंदाला स्टेशनवर येऊ नको म्हणालो होतो, ती आली नाही, आणि आता वाटतंय यायला हवी होती.

अकोल्याला गाडी दहा मिनिटं थांबली. रेखा आली होती, भाजीच्या दुकानावरून तशीच, ओच्याला कोथिंबिरीची पानं चिकटलेली. दिनकरशी काय बोलली ते ऐकलं नाही. मग माझ्या खिडकीशी आली.

"भाऊ, याईले सारं नीट शिकवलं ना तुमी?"

हो म्हणालो. तिनं हात जोडले आणि मागे सरकली. मी खोटं बोललो की नाही हे मलाच माहीत नाही. वर गेल्यावर कळेल, आणि तेव्हा तिला सांगायला मी असेनच असंही नाही.

आता शेगाव गेलं. दोन्ही बाजूंनी कपाशी आणि तूर. दिनकर समोर बसलाय, खिडकीला डोकं लावून. मास्तरला दाखवतोय, ही तूर लवकर पेरलेली, ती उशिराची, या गड्यानं फवारणी चुकवली. अर्धा डबा खिडक्यांना लागलाय, जो तो कोणाचं पीक कसं आहे ते सांगतोय. ओरडणार होतो, बंद करा म्हणून. तोंड उघडलं, तेवढ्यात एक शेत आलं, दाट, काळंभोर, मध्ये एकही तूट नाही. माझ्याच तोंडून निघालं, वा, काय राखलंय.

दिनकरनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे.