पाचव्या मजल्यावरचा वाघ

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.५०
आज या घरात एका गृहस्थाच्या मूलभूत हक्काची पायमल्ली झाली, याची नोंद असावी. बावन्न वर्षांचा, कमावता, निर्व्यसनी माणूस. त्याला स्वतःशी पाच मिनिटं बोलायला स्वतःच्या घरात आरसा मिळू नये? हॉलमधल्या आरशावर कृतिकाचा ताबा. भुवया चालल्या होत्या. म्हटलं, बाजूला हो, मला आत्मविश्वास वाढवायचाय. म्हणाली, पप्पा, मी पण तेच करतेय, लाइनीत या.

मुलगी माझी, आरसा माझा, आणि लाइनही माझ्यासाठीच.

शेवटी बाथरूम गाठलं. तिथला आरसा प्लंबरने स्वतःच्या उंचीने लावलाय, मला त्यात हनुवटी ते छाती एवढाच मी दिसतो. हरकत नाही. छातीशीच काम आहे.

त्याच दिवशी, रात्री
सकाळी घाईत कारण लिहायचं राहिलं. काल काशीमीऱ्याला एका हॉटेलच्या हॉलमध्ये स्वसंवाद शिबिर होतं. चहा-बिस्किटासह फ्री. सर म्हणाले, तुम्ही स्वतःला जे सांगता तेच तुम्ही होता. नाव घेऊन सांगा, मोठ्याने सांगा. मनातल्या मनात बोललेलं मन मनावर घेत नाही.

लक्ष्य: २१ तारखेची सोसायटीची एजीएम. जूनपासून कमिटीने लिफ्ट दुपारी एक ते चार बंद ठेवलीय. म्हणे वीजबचत. बायको, सुचेता, शाळेच्या ऑफिसातून दोनला घरी येते. गुडघे गेलेत, डॉक्टरने जिने बंद सांगितलेत, आणि आम्ही पाचव्यावर. हे मला सभेत उभं राहून बोलायचंय. आजवर प्रत्येक एजीएमला मी हात वर केलाय आणि बोलायची वेळ आली की त्याच हाताने पंखा वाढवायची खूण केलीय. या वर्षी नाही.

९ सप्टेंबर
पहिलं पूर्ण सेशन. ‘पंढरीनाथ, तू वाघ आहेस.’ अकरा वेळा. बाथरूममध्ये आवाज काय घुमतो! आपल्यापेक्षा बराच मोठा माणूस बोलतोय असं वाटतं. सुचेताने दाराबाहेरून विचारलं, कोणाचा फोन? म्हटलं, माझाच.

१० सप्टेंबर
वॉचमनने सलाम ठोकला. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, कैसे हो शेर साब.
दोन दिवसांत! तेज म्हणतात ते हेच असावं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
भाषणाचे पाच मुद्दे तयार. बाथरूममध्ये तालीम. सेक्रेटरी यतीनभाई, म्हणजे बरोबर आमच्या खालचा, चौथा मजला. त्याला समोर उभा कल्पून ठणकावलं, यतीन, तू सेक्रेटरी आहेस, संस्थानिक नाहीस! मग चौथा मुद्दा, हुकमाचा एक्का: लिफ्ट बंद करून वीज वाचवता, तर लॉबीतले चार शोभेचे दिवे पहाटेपर्यंत कोणाच्या लग्नासाठी?
स्वतःच्या अंगावर काटा आला.

१३ सप्टेंबर
लॉबीतले दिवे आज बंद. कोणी तक्रार केली नाही, काही नाही. सर म्हणाले होते, तुम्ही बदललात की जग उत्तर देतं. एवढ्या लवकर देईल असं मात्र म्हणाले नव्हते.
एक्का गेला, पण तत्त्व सिद्ध झालं.

१५ सप्टेंबर
सुचेताला परवा संध्याकाळी डॉक्टरकडे जायचंय, सोबत चला म्हणाली. म्हटलं, आता सेशन दोन वेळा केलंय, तुझ्यासाठीच ना हे सगळं. ती म्हणाली, स्वतःशी बोलून झालं की थोडं माझ्याशीही बोला.
गमतीत म्हणाली असं धरून चाललोय.

१७ सप्टेंबर
सुचेता एकटीच गेली. माझं सेशन उत्तम झालं.

नंतर खाली तिसऱ्या मजल्यावर शालनताई भेटल्या. आमची बिल्डिंग उभी आहे ती यांच्या भातशेतीवर. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळाला. वय सत्तरच्या पुढे. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, भाषन लांब हाय, कमी कर.
मी भाषण करणार हे यांना कसं कळलं? जुन्या माणसांना अंतर्ज्ञान असतं. मुद्दे कमी केले नाहीत.

२० सप्टेंबर, शनिवार
संकट. मीटिंग हिंदीत होते हे ध्यानातच नव्हतं. माझा सगळा आत्मविश्वास मराठीत आहे. ‘पंढरीनाथ, तुम शेर हो’ असं म्हणून पाहिलं. काहीही झालं नाही. मराठीत मी जंगलातला वाघ असतो, हिंदीत सर्कशीतला. स्टुलावर बसवतील तिथे बसेन.
संकल्प: मराठीतच बोलणार. मग गुजराती, मारवाडी कोणी काहीही म्हणो.
मग दोन्ही भाषांत पाठ केलं.

२१ सप्टेंबर, रविवार. दुपारी
एजीएम झाली. सविस्तर लिहायची इच्छा नाही. लिहितो.

सभा या वर्षी खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी दुसऱ्या रांगेत, सुचेता शेजारी. मी हात वर करायच्या आत यतीनभाई उठला. म्हणाला, कुछ लोगों के पाँच पॉइंट हैं, मैं जवाब लिखके लाया हूँ. झेरॉक्स वाटल्या. माझे पाचही मुद्दे. माझ्याच क्रमाने. चौथ्यापुढे लिहिलेलं, ‘दिवे १३ तारखेपासून बंद केले आहेत.’ शेवटी माझ्याकडे बघून शुद्ध मराठीत म्हणाला, आणि मी संस्थानिक नाही हां.

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. मागून कोणीतरी म्हणालं, शेर, बोलो! सगळे हसले. वरच्या मजल्यावरच्या सलोनीने समजुतीच्या सुरात सांगितलं, काका, सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात ना. पूर्ण विंगला ऐकू येतं. आम्ही तर तुमचा आवाज आला की चहा ठेवतो.

दोन आठवडे. अकरा वेळा. सकाळ-संध्याकाळ.

मी पंख्याकडे बोट दाखवलं. पार्किंगला पंखा नाही.

बसलो. तेवढ्यात शालनताई उठल्या. एका हाताने खुर्ची धरून. यतीन, म्हणाल्या, तो मानूस बोलायचा न्हाय, त्याचं न्हानीतच संपलं. मी सांगते. ही बाय जूनपासून रोज दुपारची माझ्या दारात बसते. घामाने भिजलेली. पानी पिते, दहा मिनटं पाय चोळते, मग वर जाते. लिफ्ट हाय का न्हाय आपल्याकडे? हाय ना? मग चालू कर.

कोणी हसलं नाही. यतीनभाईने सुचेताकडे पाहिलं. म्हणाला, भाभी, मालूम नहीं था.

सुचेता खाली बघत होती. मलाही मालूम नव्हतं.

यतीनभाई म्हणाला, कल से चालू. वोटिंग नाही, काही नाही. सगळं मिळून एक मिनिट.

रात्री १०
सुचेताला विचारलं, तू मला कधी सांगितलं नाहीस? साडीची घडी घालता घालता म्हणाली, सांगायला यायचे, बाथरूमचं दार बंद असायचं.
 

२२ सप्टेंबर
सेशन नाही. कृतिकाने विचारलं, आज रेडिओ बंद?
दुपारी लिफ्ट चालू. सुचेता दोन वाजून पाच मिनिटांनी घरात होती. हे तिने मला फोन करून सांगितलं.  मग ती म्हणाली, ठेवते.

संध्याकाळी तिच्याकडून बऱ्याच गोष्टी कळल्या. शालनताईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. दर मंगळवारी दाखवायला जातात. डॉक्टर दहाला येतो, पण दवाखान्याच्या शटरला टांगलेल्या वहीत सकाळी सहापासून नाव लिहावं लागतं आणि नंबर जाऊ नये म्हणून तिथेच बसावं लागतं. मुलगा नाथा वरसाव्याला रात्रपाळीला असतो. म्हणून त्या स्वतःच तिथे चार तास बसतात.

२३ सप्टेंबर, मंगळवार
पावणेसहाला गेलो. वहीत नाव लिहिलं, शालनताईंचं. दुसरा नंबर. ऑफिसला उशिरा येतो म्हणून मेसेज टाकला. पायरीवर बसलो.
आठला शटर उघडलं, आत खुर्ची मिळाली. कंपाउंडरने विचारलं, पेशंट कौन? मी वहीकडे बोट दाखवलं.
सुचेताने निरोप दिला होता तसं साडेनऊला शालनताई आल्या. मी उठलो. त्या बसल्या.