सोनियाची वेणी

६ जुलै
सोनियाच्या दोन्ही वेण्या आज सात मिनिटांत झाल्या! तिची आई, रूपा, वारून चार महिने झाले, तेव्हापासून मीच घालतो. आधी मधल्या सुट्टीतच सुटायच्या. आता संध्याकाळपर्यंत एक केस हलत नाही. पोरगी म्हणते, "पप्पा, कंपनीत नट आवळता तशी आवळता."
वेणी घालताना तिच्या आईची एखादी गोष्ट निघते. एरवी मला जमत नाही.

१२ जुलै
पैठणहून सासूबाई आल्या. चपला काढायच्या आधीच — "जावईबापू, पोरीचं कपाळ लई मोठं झालंय व्हय!"
मी हसलो. मग जवळून पाहिलं. कानाच्या वर बोटभर जागा मोकळी.
सासूबाईंच्या मते तेल कमी पडतंय.

१३ जुलै
भरपूर तेल लावलं. केस निसटू नयेत म्हणून वेणी अजून घट्ट घातली.

१८ जुलै
शहागंजला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं. रूपाचं सांगितलं. म्हणाल्या, अशा धक्क्यानंतर केस गळतात ते डोकंभर. हे ओढल्यानं गेलेत. मुळं शाबूत आहेत, पण असंच ताणत राहिलं तर परत येणार नाहीत.
"वेणी कोण घालतं?"
मी तोंड उघडायच्या आत सोनिया म्हणाली, "मीच."
बाई तिलाच रागावल्या. घट्ट वेणी बंद, ओल्या केसांत फणी नको, डाळ-अंडी रोज खायची. पोरगी मान खाली घालून ऐकत होती. माझी चूक, आणि मी गप्प!
रिक्षात तिचा हात धरला. तेवढंच.

२० जुलै
शाळेत चिठ्ठी दिली. वेण्या नसल्या तरी चालेल, वर्गाच्या बाई म्हणाल्या.

२९ जुलै
सकाळी आता वेळच वेळ. ती आपली आपण सैल क्लिप लावते. मी चहा पितो, ती दूध. कुणी बोलत नाही.

१४ सप्टेंबर
कानाच्या वर बारीक लव आलीय! दोनदा उजेडात नेऊन पाहिली. "पुरे ना पप्पा," म्हणाली. सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तेल माझंच!"

१५ सप्टेंबर
आज विचारलं — एवढं दुखायचं, तर सांगितलं का नाहीस?
ती दप्तर भरत होती. वर न बघता म्हणाली, "तेवढाच वेळ तुम्ही आईबद्दल बोलायचात."
शाळेपर्यंत चालत सोडलं. रस्ताभर मीच बोललो.